लाकूड अडवायचं कसं: सुतारी बाकड्याची घरी बनवायची साधनं

हातअवजारांनी काम सुरू केलं तेव्हा पहिली दोन वर्षं मी रंध्यालाच दोष देत होतो. पातं कितीही घासलं तरी फळीवर लाटा उठायच्या, मध्येच रंधा अडकायचा, फळी गर्रकन फिरायची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वयस्क सुतारमामा राहायचे. आयुष्यभर तिफणी, वखर आणि बैलगाडीची जुवं घडवलेला माणूस. एके दिवशी दारात उभं राहून बराच वेळ माझं काम बघितलं आणि म्हणाले, "लाकूड पळायलंय, अन् तू रंध्याला शिव्या द्यायलास." मग खाली बसले. अंगणात एक मेख ठोकली, फळीचं एक टोक तिला टेकवलं, दुसऱ्या टोकावर पाय ठेवला आणि माझाच रंधा, त्याच पात्यासकट, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला. पापुद्रा न तुटता निघाला.

पुढे मेख, मागे पाय. एवढंच होतं. पण बाकड्यावर उभं राहून काम करणाऱ्याला पाय वापरता येत नाही, आणि बाजारातला चांगला लोखंडी शिकंजा महाग पडतो. तो घेतला तरी पातळ फळी त्यात दाबली की वाकते. खाली दिलेली सगळी साधनं म्हणजे त्या मेखेची आणि त्या पायाची बाकड्यावरची रूपं आहेत. अवजार ज्या दिशेला ढकलतं त्या दिशेला अडसर द्यायचा, मग अवजाराचा जोरच लाकडाला जागेवर दाबून ठेवतो. आवळायचं, सोडायचं, पुन्हा आवळायचं हा व्याप राहत नाही. फळी उचलली, फिरवली, ठेवली, काम सुरू.

साधनांचा क्रम बदलू नका. पहिलं साधन दुसरं बनवायला लागतं, दुसरं तिसऱ्याला.

सामान

फर्निचरच्या कारखान्याबाहेर प्लायचे कापलेले तुकडे पडलेले असतात, तेच आणा. १८ मिमीचा साधारण २ फूट बाय ३ फुटांचा तुकडा, १२ मिमीचा तेवढाच, आणि ६ मिमीची एखादी पट्टी. प्लाय सुचवतो कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि दोन महिन्यांनी हवा ओली होते. अखंड फळी त्या बदलात रुंदीच्या दिशेने फुगते आणि आकसते. प्लायचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो फार हलत नाही. माझा पहिला शूटिंग बोर्ड, म्हणजे फळीची टोकं रंध्याने काटकोनात तासायचा पाट, मी बाभळीच्या अखंड फळीचा केला होता, दिसायला देखणा. लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं. श्रावणात फळीला खोलगट बाक आला आणि त्यावर तासलेली प्रत्येक चौकट तिरकी बसली. एक पूर्ण कपाटाचं दार त्यात गेलं.

अडसराच्या पट्ट्यांना आणि पाचरींना मात्र अखंड, कठीण लाकूडच हवं. वाळलेली बाभूळ यासाठी उत्तम. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा तिचाच असायचा, इतकी ती दणकट. तिच्या बाहेरच्या पांढऱ्या भागाला भुंगा लवकर लागतो, म्हणून तो काढून आतला लालसर गाभाच घ्या. जुने सुतार बाभळीचे ओंडके विहिरीच्या किंवा ओढ्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे, ते याचसाठी. सागाचे तुकडे मिळाले तर सोन्याहून पिवळं, कारण साग हवेप्रमाणे फार कमी हलतो. नांदेडच्या बाजूला किनवटचा साग माहीत असतोच. शिवाय पाडलेल्या माळवदाच्या, म्हणजे तुळयांवर मातीचं सपाट छत असलेल्या, घरांच्या तुळया अजून खेड्यापाड्यांत मिळतात. १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर माळवदाखाली झोपायची लोकांना भीती बसली, घरं उतरवली गेली आणि लाकूड गोठ्यात पडून राहिलं. माझ्या बाकड्याची फळी अशाच एका तुळईची आहे. असं लाकूड कापण्याआधी त्यातला प्रत्येक खिळा शोधून काढा, एक राहिला तरी पात्याची धार गेली.

याशिवाय फेविकॉल, थोडे स्क्रू, एक वाळलेला बांबू आणि १६ मिमीचा साधा गोल लोखंडी बार.

बाकड्याबद्दल थोडकंच सांगतो. फळी किमान अडीच इंच जाड हवी आणि बाकडं हलता कामा नये. हलत असेल तर खालच्या आडव्या पट्ट्यांवर फळी टाकून वाळूची दोन पोती ठेवा. फळी पातळ असेल तर जिथे भोकं पाडायची तिथे खालून १८ मिमी प्लायचे दोन-तीन थर चिकटवून जाडी भरून काढा.

बेंच हुक: करवतीचा सोबती

बेंच हुक म्हणजे कापताना लाकूड अडवून धरणारी छोटी फळी. याला बनवायला दुसरं काही लागत नाही, म्हणून सुरुवात इथून. १८ मिमी प्लायचा १० इंच लांब, ७ इंच रुंद तुकडा घ्या. कठीण लाकडाच्या दीड इंच रुंद, एक इंच जाड अशा दोन पट्ट्या कापा, ६ इंच लांबीच्या. पहिल्या वेळी हे कापताना लाकूड स्टुलावर गुडघ्याखाली दाबा. त्रास होतो, पण तो याच एका वेळेपुरता.

एक पट्टी प्लायच्या खालच्या अंगाला, तुमच्याकडच्या कडेशी. दुसरी वरच्या अंगाला, पलीकडच्या कडेशी. दोन्ही डाव्या कडेला जुळवा, म्हणजे उजवीकडे एक इंच जागा मोकळी राहील. करवत लाकडातून पार झाली की त्या मोकळ्या प्लायवर उतरते आणि बाकड्याला इजा होत नाही. डावखुऱ्यांनी हे सगळं उलट करायचं.

पट्ट्या बसवताना आधी गुण्या (काटकोन बघायचं साधन) लावून सुरीने रेघ मारा. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. फेविकॉल लावा, पट्टी रेघेला टेकवून दाबून ठेवा आणि सुकल्यावर प्रत्येक पट्टीत तीन भोकं आरपार पाडून बांबूच्या खुंट्या ठोका. स्क्रू मारणं सोपं आहे हे खरं. पण ही पट्टी करवत आणि पटाशी यांच्या वाटेत असते, आज ना उद्या ती झिजणार आणि आतला स्क्रू उघडा पडणार. बांबूवर पातं गेलं तर काही बिघडत नाही.

वापरताना खालची पट्टी बाकड्याच्या कडेला अडकवा, लाकूड वरच्या पट्टीला टेकवा आणि डाव्या तळहाताने पुढे रेटा. आपली करवत पुढे ढकलताना कापत असेल तर तिचा जोर लाकडाला पट्टीवर दाबतो. काही करवती ओढताना कापतात. तशी असेल तर बेंच हुक बाकड्याच्या पलीकडच्या कडेला उलटा अडकवा. एका जागी पट्टी खूप खाल्ली गेली की हुक पालथा करायचा, दुसरी बाजू नवी मिळते. एकाच मापाचे दोन हुक करा, लांब पट्टी कापताना दुसरं टोक त्यावर टेकतं.

मेख: रंध्याचा अडसर

बाकड्याच्या डाव्या टोकापासून चार-पाच इंचांवर ६ सुती, म्हणजे पाऊण इंची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) दोन भोकं पाडा, एकमेकांपासून आठ इंचांवर, बाकड्याच्या रुंदीच्या दिशेने. भोक सरळ उभं उतरणं महत्त्वाचं. गिरमिटाने करत असाल तर दोन बाजूंना दोन गुण्ये उभे ठेवा आणि दर चार फेऱ्यांनी बघा. सव्वा-दीड इंच जाडीचा एक ठोकळा आधी नीट भोक पाडून वाट दाखवायला वापरला तर आणखी बरं.

आता ६ मिमी प्लायची १० इंच लांब, ३ इंच रुंद पट्टी घ्या. तिच्या खाली भोकांच्या मापाने दोन गोल खुंट्या चिकटवा. खुंट्या भोकात हाताने दाबल्यावर बसाव्यात आणि खालून ठोकल्यावर निघाव्यात. पट्टी बाकड्यावर फक्त २ सूत उभी राहते, त्यामुळे ३ सूत जाडीची फळीसुद्धा तिला टेकवून रंधता येते आणि पातं पट्टीवर आदळत नाही. जाड लाकडासाठी १८ मिमीची दुसरी पट्टी करून ठेवा.

फळी सरळ आणि रंधा सरळ असेल तर एवढ्यावर भागतं. पण रंधा जरा तिरका धरला किंवा फळीच्या कडेवर जोर पडला की ती अडसराभोवती फिरायला लागते. मामांचा पाय इथे हवा असतो.

होल्डफास्ट आणि खाचेची फळी: पाय

होल्डफास्ट म्हणजे उलट्या एल आकाराचा लोखंडी आकडा. भोकात सोडायचा, डोक्यावर हातोडीचा एक ठोका, लाकूड जखडलं. मागून एक टिचकी, सुटलं. स्क्रू नाही, आटे नाहीत. भोकापेक्षा दांडा बारीक असतो, ठोका बसला की तो भोकात किंचित तिरका होतो आणि वर एका बाजूने, खाली दुसऱ्या बाजूने लाकडात रुततो. पकड एवढ्याच गोष्टीवर चालते. म्हणून ६ सुती भोकाला ५ सुती बार, म्हणजे १६ मिमी. भोकात घट्ट बसणारा बार आणलात तर तो कधीच पकडणार नाही.

जालन्यात लोखंडाच्या कारखान्यांतून सळई भरपूर निघते, पण बांधकामाची टीएमटी सळई घेऊ नका. तिच्या अंगावरच्या फासळ्या भोक खरवडून मोठं करतात. हार्डवेअरच्या दुकानात साधा गोल बार मागा, एका आकड्याला १८ ते २० इंच. लोहाराकडे जाताना पुठ्ठ्यावर आकार कापून न्या, तोंडी सांगू नका. दांडा ११ इंच, वरचा हात गोलाईसह ७ इंच, टोक ठोकून दीड इंच रुंद चपटं. हात आणि दांडा यांच्यातला कोन काटकोनापेक्षा थोडा कमी हवा, म्हणजे आकडा लाकडावर ठेवला की चपट्या भागाचं पुढचं टोक आधी टेकेल आणि मागे साधारण सूतभर फट दिसेल. मी पहिल्यांदा कागदावर काटकोन काढून दिला होता. लोहाराने तसाच करून दिला आणि तो आकडा ठोकला की लाकूड पुढे सटकायचं, कारण दाब टोकावर न पडता मागे पडत होता. पुन्हा भट्टीत घालून कोन आवळून घेतला तेव्हा कुठे तो कामाला आला. बार तापवून वाकवला की आपोआप गार होऊ द्या, पाण्यात बुडवायची गरज नाही.

घरी आणल्यावर दांड्यावर कानस आडवी फिरवून तो खरखरीत करा. गुळगुळीत दांडा घसरतो. चपट्या टोकाखाली जुन्या चपलेच्या कातड्याचा तुकडा चिकटवा, नाहीतर प्रत्येक लाकडावर त्याचा वळ उमटेल. पकड बसली की नाही हे कानाने कळतं. पहिल्या ठोक्याचा आवाज पोकळ, ढप्प असा येतो, लाकूड अजून सैल आहे. दुसऱ्याला आवाज आखडतो, ठक्क, आणि सगळं बाकडंच एक झाल्यासारखं वाजतं. तिथे थांबा. तिसरा ठोका नको.

भोकं सुरुवातीला चारच पाडा. पुढच्या कडेपासून सात इंच आत, एकमेकांपासून सव्वा फुटावर. पुढची कुठे लागतात ते काम करताना कळतं. चाळणी करून ठेवलेली बाकडी मी पाहिली आहेत, त्यातली निम्मी भोकं नुसता भुसा गिळतात.

आता खाचेची फळी. १२ मिमी प्लायचा १६ इंच लांब, ५ इंच रुंद तुकडा घ्या आणि एका टोकाला काटकोनी व्ही आकाराची खाच कापा. बेंच हुकवर धरून पाच मिनिटांत होतं. रंधायची फळी पुढच्या अडसराला टेकवा, तिच्या मागच्या टोकाच्या कोपऱ्यावर ही खाच आणून भिडवा आणि खाचेच्या फळीवर होल्डफास्ट ठोका. फळीच्या अंगावर काहीच नाही, तरी ती ना मागे येते, ना बाजूला. तिरका रंधा मारा, आडवा मारा, हलत नाही. बाजूच्या दिशेने जास्त जोर लावायचा असेल तर दुसऱ्या बाजूनेही अशीच एक लावा.

शूटिंग बोर्ड

चौकट, पेटी, खण, फोटोफ्रेम, यांचे सांधे बंद होतात की फट दाखवतात हे फळीच्या टोकांवर ठरतं. करवतीने कापलेलं टोक कधीही पुरेसं सरळ नसतं. शूटिंग बोर्डावर रंधा आडवा, कुशीवर पाडून चालवतात आणि टोक काटकोनात तासलं जातं. इथे घाई करू नका.

खालचा थर १८ मिमी प्लाय, २४ इंच लांब, १२ इंच रुंद. वरचा थर १२ मिमी, तेवढाच लांब, पण रुंदी कमी, म्हणजे उजवीकडे रंध्याला धावायला पट्टा राहील. तो पट्टा किती हे पुस्तकी मापाने ठरवू नका. तुमचा रंधा कुशीवर पाडा, मापा आणि त्यात दोन सूत मिळवा. लोखंडी जॅक रंधा यासाठी चांगला. लाकडी रंधा चालेल, पण त्याची कूस आणि तळ काटकोनात आहेत का ते आधी गुण्याने बघा.

वरच्या थराची उजवी कड एकदम सरळ हवी, तीच रंध्याची वाट. चिकटवण्याआधी तिच्या खालच्या कोपऱ्यावर पटाशीने सूतभर उतार मारा. भुसा त्या कोपऱ्यात साचतो आणि रंधा उचलला जातो, उतार असला की भुशाला जागा मिळते. मग दोन्ही थर फेविकॉलने जोडा आणि रात्रभर होल्डफास्टखाली किंवा वजनाखाली ठेवा. खालच्या थराला तुमच्याकडच्या कडेशी बेंच हुकसारखीच एक पट्टी लावा.

अडसराची पट्टी सागाची, ९ इंच लांब, दीड इंच रुंद, एक इंच जाड. ती वरच्या थरावर पलीकडच्या टोकापासून दोन-तीन इंच आत येते आणि तिचं उजवं टोक रंध्याच्या वाटेत अर्धा सूत बाहेर ठेवायचं. हिला चिकटवायचं नाही. खालून दोन स्क्रू: उजवीकडचा वाटेपासून दीड इंच आत, साध्या भोकातून. डावीकडचा लांबट भोकातून, म्हणजे पट्टी उजव्या स्क्रूभोवती केसभर फिरवता येईल. पट्टीच्या उजव्या टोकाचा मागचा कोपरा पटाशीने थोडा छाटा, नाहीतर रंधा पार होताना तिथून ढलपी उडेल.

पहिले काही हात मोकळेच मारा. पातं वरच्या थराची कड थोडी खाईल आणि मग आपोआप कापायचं थांबेल, कारण पातं रंध्याच्या तळापेक्षा अरुंद असतं. तळाच्या कडेखाली न कापलेली अरुंद पट्टी उरते आणि रंधा तिलाच टेकून धावतो. अडसराचं बाहेर आलेलं टोकही याच हातांत वाटेला समपातळीत येईल. आता लाकूड अडसराला टेकवलं की त्याच्या मागच्या कडेला पूर्ण आधार मिळतो आणि ती तुटत नाही.

काटकोन तपासायला गुण्यावर विसंबू नका. चार इंच रुंदीचे, एक कड नीट सरळ केलेले दोन तुकडे घ्या. दोन्हींची ती सरळ कड अडसराला टेकवून, वरची बाजू वर ठेवून टोकं तासा. मग एका सरळ पट्टीला दोन्हींच्या सरळ कडा टेकवा आणि टोकाला टोक भिडवा, पण दुसरा तुकडा पुस्तकाचं पान उलटावं तसा पालथा करून. खिडकीकडे धरून बघा. कोनात चूक असेल तर ती इथे दुप्पट होऊन दिसते. उजेडाची पाचर पट्टीपासून लांबच्या बाजूला दिसली तर अडसराचं डावं टोक किंचित पुढे, तुमच्यापासून लांब सरकवा. पट्टीच्या बाजूला दिसली तर तुमच्याकडे ओढा. स्क्रू आवळा, दोन्ही टोकं पुन्हा तासा, पुन्हा बघा. मला पहिल्या वेळी हे सात वेळा करावं लागलं. सातव्यांदा तुकडे भिडवले तेव्हा सांधा कुठे आहे हे नखाने चाचपून शोधावं लागलं.

रंध्याच्या वाटेवर मेणबत्ती घासा. पातं ताजं घासलेलं, काप केसाएवढा. लाकूड डाव्या हाताने अडसरावर दाबा आणि तोच हात लाकूड हलकेच वाटेकडे सारत राहील.

उरलेली दोन

फळीची कड रंधायची असेल तर ती बाकड्यावर उभी धरावी लागते. दीड इंच जाडीच्या ठोकळ्यात एक फूट लांब खाच पाडा: एक बाजू सरळ, दुसरी तिरकी, सहा इंचांत एक इंच इतकी, अरुंद तोंड रंधा ज्या दिशेला जातो त्या बाजूला. त्याच उताराची बाभळीची पाचर करा. ठोकळा दोन होल्डफास्टने पक्का करा, फळी सरळ बाजूला लावा, पाचर हाताने सारा. रंधा फळीला पुढे ढकलतो, फळी पाचरीला सोबत ओढते आणि पकड आणखी घट्ट होते. सोडवायला पाचरीच्या अरुंद टोकावर एक टोला.

डव्हटेल, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे सांधे, कापताना फळी उभी आणि नजरेजवळ हवी. २४ इंच लांब, ५ इंच रुंद अशा दोन जाड फळ्या, त्यांच्यातून अर्धा इंची आट्यांचे दोन बार, बाहेरून वॉशर आणि नट. मागची फळी होल्डफास्टने बाकड्यावर बसवा. काम पाच इंच वर आलं की पाठ वाकत नाही.

मृगाचा पहिला पाऊस झाला की एकदा आणि दिवाळीच्या आधी एकदा शूटिंग बोर्डाची दोन तुकड्यांची चाचणी घ्या. प्लाय हलला नाही तरी सागाची पट्टी केसभर हलू शकते आणि लांबट भोक त्याचसाठी ठेवलेलं आहे.